विमानाला घाट लागत नाही

माण तालुक्यात विमानतळ नाही, पण विमानात बसणारे मात्र गल्लोगल्ली आहेत. सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यापायी इकडची आणि शेजारच्या आटपाडी-खानापूरकडची माणसं पार केरळपासून आसामपर्यंत पांगली. त्यांतलेच आमचे त्रिशूरचे मामा. पारावर बसून ते छातीठोक सांगतात, "पुणं ते कोची, दोन तास!"

हवेतून हे अंतर हजार किलोमीटरला जरा कमीच भरतं. विमान ताशी आठशेच्या आसपास पळतं, म्हणजे खरं तर सव्वा तासाचं काम. पण तिकिटावरची वेळ जाग्यावरनं हललेल्या क्षणापासून पलीकडं जाऊन थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपुढची रांग, चढण, उतरण, घिरट्या सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या थोडा वेळ वाढवूनच छापतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोचल्याचा मान मिळतो. आमच्या लग्नपत्रिकांचं नेमकं उलटं.

आता आमची दहिवडी ते पुण्याचा लोहगाव विमानतळ. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही नाही, विमानाला दहा मिनिटं पुरतील. आम्हाला मात्र मोगराळे घाट, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड आणि दिवे घाट लागतो. शिवाय हडपसर लागतं, त्याचा हिशेब कुणी करू नये. मामांना सोडायला निघालो, तर जेजुरीत ते म्हणाले, "गाडीतनंच हात जोडू." मामी उखडल्या, "देव काय टोलनाका हाय व्हय, न थांबता जायला?" अर्धा तास तिथं गेला.

विमानतळावर पिशव्या काट्यावर चढल्या. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, घोंगडी. दोन किलो जास्त! ज्या माणसानं उभं आयुष्य तराजूपुढं काढलं, गुंजभर सोनं इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, तो तोंड पाडून काट्याकडं बघत राहिला. "काटा हलका हाय जरा," ते पुटपुटले. मामींनी मुकाट्यानं घोंगडी काढून खांद्यावर घेतली आणि भर एप्रिलात केरळला निघाल्या.

कोलकात्याच्या पाहुण्यांचं गाऱ्हाणं निराळंच आहे. तिकडं जाताना पश्चिमेचं वारं पाठीशी असतं म्हणून विमान लवकर पोचतं. गावाकडं येताना तेच वारं तोंडावर येतं आणि वेळ वाढतो, हिवाळ्यात तर जास्तच. नेमकी म्हसवडची सिद्धनाथाची यात्रा मार्गशीर्षात! आजीनं हे ऐकून निकाल दिला, "वाऱ्याला सुदीक पोरं गावाकडं आल्यालं बघवत न्हाई."

कोचीचा विमानतळ नेडुंबासेरीला. तिथनं त्रिशूर आणखी पन्नासेक किलोमीटर. आदल्या दिवशी जेवून निघालेले मामा दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर घरी टेकले. आजीनं फोनवर विचारलं, "किती येळ लागला रं?"

"दोन तास," मामा म्हणाले.