लागला का?

पिंपळगाव राजाच्या स्टँडवर पुण्याहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून आलेला पोरगा बॅग घेऊन उतरला, की पहिला प्रश्न ठरलेला. "मंग, लागला का बाबू?" कुठे, ते सांगावं लागत नाही. आपल्याकडे पोरगा लागतो, नाहीतर राहून जातो. तिसरं काही त्याच्या बाबतीत घडू शकतं, हे गावाच्या हिशेबातच नाही.

हा प्रश्न आता बंद करा.

कारण तो चुकीच्या माणसाला विचारला जातोय. विचारायचाच तर परीक्षा घेणाऱ्यांना विचारा. लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला ठरली होती. कोरोना आला, परीक्षा पुढे गेली. पुन्हा गेली. अखेर १४ मार्च २०२१ ही तारीख आली आणि ११ मार्चला, म्हणजे तीन दिवस आधी, तीही पुढे ढकलली. पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे २१ मार्चला पेपर झाला. २०२४ मध्येही तेच. २५ ऑगस्टची परीक्षा बँकेच्या परीक्षेवर आदळली, आंदोलन झालं, ती गेली १ डिसेंबरवर. मधल्या महिन्यांचं खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी कोणी भरली? इकडे सोयाबीन विकणाऱ्या बापाने. मग व्यासपीठावरून सांगतात, परिस्थितीशी जुळवून घ्या. पोरं घेतातच. आधी तारखा देणाऱ्यांनी तारखा पाळाव्यात.

पण तारखा पाळल्या तरी जागा थोड्या आणि पोरं लाखो. बहुतेकांना परतायचंच आहे. म्हणून अशा परतणाऱ्यांसाठी वर्ध्यात जन्मलेल्या पांडुरंग खानखोजेंची गोष्ट सांगतो. आपल्याच विदर्भाचा माणूस, आणि आपल्याच शाळांत त्याचं नाव क्वचित ऐकू येतं.

सशस्त्र लढ्याने देश सोडवायचा, ही त्यांची योजना. त्यासाठी अमेरिकेत लष्करी शिक्षण घेतलं, सोबत शेतीशास्त्रही शिकले. गदर चळवळीत गेले. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले. लढा फसला. परतीचे दरवाजे बंद. बर्लिन, मॉस्को करत १९२४ मध्ये हा माणूस मेक्सिकोत पोचला. गाठीला काय उरलं होतं? ते सोबत शिकलेलं शेतीशास्त्र.

चापिंगोच्या कृषी शाळेत ते शिकवू लागले. मक्यावर, गव्हावर संशोधन केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. मोठा चित्रकार दिएगो रिवेरा याने १९२८ च्या भित्तिचित्रात त्यांना मधोमध बसवलं. चित्राचं नाव 'आमची रोजची भाकर'. क्रांतीला निघालेल्या या माणसाच्या हाती तिथे बंदूक नाही. माणसांनी वेढलेल्या मेजावर तो भाकर मोडतोय.

ते लागले का? सांगा. देश स्वतंत्र झाल्यावरही इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव निघालं नव्हतं. स्वतःच्याच देशाने आधी त्यांना अडवलं. पुढे ते नागपूरला आले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. ठरवलेला लढा त्यांना तडीस नेता आला नाही. पण इंग्रजांविरुद्ध ज्या माणसासाठी उठले होते, तो रिकाम्या पोटाचा कुणबी त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. भाषा बदलली, देश बदलला, हत्यार बदललं.

मका मूळचा त्या मेक्सिकोचाच. आज मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे जाल तर पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी तो उभा असतो. याच शिवारात, पाच वर्षं भूगोल, अर्थशास्त्र, कायदा घोकून परतलेल्या पोराला पीकविम्याचा अर्ज, सातबाऱ्यातली चूक, फेरफार, ग्रामसभेचा ठराव गावातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतो. त्याच्याकडे तेवढ्यासाठी कोणी जात नाही, कारण तो 'राहून गेलेला'. तलाठी झाला असता तर रांग लागली असती. ज्ञान तेच, डोकं तेच.

त्यालाही सांगायचंय. साहेब व्हायचं होतं ते कशासाठी, हे तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर तूच लिहिलं असशील. गावाचं भलं, असंच काहीतरी. ते पान फाडू नकोस. त्या कामाला आयोगाचं नियुक्तिपत्र लागत नाही.

आणि स्टँडवरच्या काका, पुढच्या एसटीतून कोणाचं पोरगं उतरलं, चेहरा उतरलेला दिसला, तर एवढंच विचारा. "जेवला का रे?"