टनेल आपोआप, पण किल्ल्या कुणाकडे?

शंभर शाखांची एखादी संस्था घ्या. प्रत्येक शाखा दुसऱ्या प्रत्येक शाखेशी थेट व्हीपीएननं जोडायची म्हटली तर ४,९५० टनेल लागतात. टोकं त्याच्या दुप्पट. एवढी सेटिंग हातानं करणं कुणाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून सगळ्या शाखा मुख्यालयाला जोडल्या जातात आणि शेजारच्या शाखेला पाठवलेली फाइलसुद्धा मुख्यालयाला वळसा घालून येते.

जे टनेल हातानं बांधले जातात, त्यांची तऱ्हा पाहा. टनेल जुळवण्याच्या पहिल्या टप्प्यात, फेज वनमध्ये, या टोकाला एईएस-२५६ एन्क्रिप्शन, त्या टोकाला १२८. लॉगमध्ये ‘नो प्रपोजल चोझन’, बस्स. दोन गावांतले दोन इंजिनिअर फोन कानाला लावून एकमेकांना एकेक ओळ वाचून दाखवतात. अखेर टनेल अप होतो तोवर प्री-शेअर्ड की, म्हणजे दोन्ही टोकांची सामायिक गुप्त किल्ली, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेली असते. तीच की पुढच्या दहा शाखांना चिकटवली जाते आणि वर्षानुवर्षं बदलली जात नाही, कारण चालू टनेलला हात लावायला कुणी धजावत नाही. याला सुरक्षित म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून हे काम सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगकडे सोपवावं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. २००८ च्या ओपनफ्लो निबंधापासून ही कल्पना चांगलीच रुजली आहे: निर्णय मध्यवर्ती कंट्रोलरनं घ्यायचे, उपकरणांनी पॅकेट पुढे सरकवायची. आपण फक्त धोरण सांगायचं. अमुक दोन शाखांत अमुक वाहतूक, तीही एन्क्रिप्ट करून. दोन्ही टोकांची सेटिंग एकाच जागी लिहिली गेली की २५६ आणि १२८ चा घोळ उरतच नाही.

घोडं पेंड खातं ते किल्ल्यांपाशी. हे टनेल ज्यावर चालतात ते आयपीसेक कंट्रोलरकडून कसं चालवायचं याचं मानक २०२१ मध्ये आलं, आरएफसी ९०६१. त्यात दोन वाटा आहेत. पहिलीत कंट्रोलर धोरण आणि ओळखपत्रं देतो. दोन टोकं आयकेईव्ही२ वापरून आपसांत सेशन की ठरवतात. दुसरीत आयकेईलाच फाटा. की कंट्रोलरच तयार करतो आणि दोन्हीकडे पाठवतो. उपकरण हलकं होतं खरं, पण प्रत्येक टनेलची की एकाच यंत्राच्या हातून जाते. वाटून झाल्यावर कंट्रोलरनं ती साठवायची नाही, असं मानक बजावतं. तुमचा विक्रेता ते पाळतो का? शिवाय की वेळोवेळी बदलणंही कंट्रोलरच्याच माथी. कंट्रोलर गायब झाला की जुन्या कीची मुदत संपते आणि टनेल बसतो.

कंट्रोलर गायब होतो, तेही भल्याभल्यांचा. २ जून २०१९ रोजी गूगलच्या देखभालीच्या स्वयंचलित यंत्रणेनं अनेक ठिकाणची नेटवर्क-नियंत्रणाची कामं एकाच वेळी थांबवली. शेवटच्या आदेशांवर नेटवर्क काही मिनिटं तगलं, मग मार्ग मागे घेतले गेले आणि चार तासांहून अधिक काळ वाहतूक तुंबली. दुरुस्तीची साधनंही त्याच तुंबलेल्या जाळ्यावर होती, म्हणून बिघाड शोधणंसुद्धा लांबलं.

माझं मत पक्कं आहे. शाखांच्या राउटरला आयकेई झेपतं. तिथे पहिलीच वाट घ्या. दुसरी वाट चिमुकल्या सेन्सरसारख्या, आयकेईचा भार न पेलणाऱ्या उपकरणांपुरती ठेवा. कंट्रोलरपर्यंत पोचायचा रस्ता त्यानंच उभारलेल्या टनेलमधून नेऊ नका, वेगळी लाइन घ्या.

आणि निविदेत दोन प्रश्न घाला. सेशन की नेमकी कुठे तयार होते? कंट्रोलर बंद पडल्यावर चालू टनेल किती तास टिकतो? उत्तरं लेखी घ्या, आणि सही करण्याआधी विक्रेत्यासमोर कंट्रोलरची केबल काढून तेवढे तास थांबा.