शेजाऱ्यांचे शेजारी

निपाणीकडं सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा मुलाचा पगार नंतर विचारतो. आधी चौकात पान लावून घेत, गल्लीत कुणाचं कुणाशी पटतं याचा अंदाज काढतो. गणितातही ही चौकशी चालते, हे शरदचंद्र श्रीखंडे यांनी दाखवून दिलं. बोस आणि पार्कर यांच्या जोडीनं ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं पाडणारे तेच हे श्रीखंडे.

रांगोळीचे सोळा ठिपके मांडा, चार बाय चार. प्रत्येक ठिपक्याला आडव्या ओळीतले तीन आणि उभ्या ओळीतले तीन, असे सहा शेजारी. आता कुठलेही दोन ठिपके धरा, एकमेकांचे शेजारी असोत-नसोत, त्यांचे सामाईक शेजारी दोनच. असल्या शिस्तीच्या आलेखांना, म्हणजे ठिपके-शेजारांच्या मांडण्यांना, राजचंद्र बोस यांनी १९६३ साली 'स्ट्राँगली रेग्युलर' हे नाव दिलं.

आकडे इतके नेमके असले तर रांगोळी एकच असणार, नाही का? पाच बाय पाच, सहा बाय सहा, कुठंही जा, होय. फक्त चारला, १९५९ मध्ये, श्रीखंड्यांना आणखी एक सापडली. तिच्यात डावा, उजवा, वरचा, खालचा आणि एकाच तिरक्या रेषेतले दोन, हे शेजारी. रेषा कडेबाहेर गेली की समोरच्या कडेनं आत येते. आकडे तेच. पण एका ठिपक्याचे सहा शेजारी बाजूला काढून बघा. पहिलीत तिघातिघांचे दोन कंपू, मधे बोलणंच नाही. दुसरीत सहाही जण गोलात, प्रत्येकाचं दोन्ही बाजूंच्यांशी सूत.

आम्हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्यांनाही आकडे तोंडपाठ. १९५६ची पुनर्रचना, १९६६चा महाजन आयोग, गावोगावची टक्केवारी. बेळगावात चहाच्या टपरीवरही निघते. सीमा ठरवताना खेडं हा घटक धरा, हे महाराष्ट्राचं म्हणणं. पण तीन घरं मराठी आणि तीन कन्नड, एवढ्यावरून गल्ली कशी कळणार? आमच्याकडं समोरच्या अक्का आणि बाजूच्या वहिनी भांडतात तेव्हा शिव्या कन्नडमधून, टोमणे मराठीतून; संध्याकाळी भाकरीचं पीठ मात्र वाटीनं इकडून तिकडं जातं. माझ्या मते हा गोलच.

खात्री करायची तर दारात ठिपके मांडून बघा. फक्त याच आकड्यांची तिसरी रांगोळी शोधत बसू नका. ती नाहीच, हे श्रीखंडे सिद्ध करून गेलेत.