माया संपली

माझ्या झाडून सगळ्या जुन्या ब्लाऊजना आतून तीन-तीन, चार-चार शिवणी आहेत. आमचे टेलरमामा दूरदृष्टीचे. मुलगी कितीही काटकुळी असो, काखेपासून कमरेपर्यंत दोन बोटं माया सोडायची आणि त्या मायेत एकीशेजारी एक शिवणी मारून ठेवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. लग्नाच्या वेळी माझं वजन ५२ किलो होतं. "एवढी जागा कशाला ठेवताय मामा?" असं मी जरा तोऱ्यातच विचारलं होतं. मामांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि काही न बोलता माझ्या आईकडे पाहिलं. आईने हळूच मान डोलावली. माझ्या भविष्याबद्दल त्या दोघांचं तिथल्या तिथे एकमत झालं.

पहिली शिवण वर्षाच्या आत उसवली. आधी केळवणं, मग नवं जोडपं म्हणून घरोघरची जेवणं, आणि त्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला अनारसे द्यायचे असतात, पण जावई एकटा किती खाणार? दुसरी शिवण बाळंतपणात गेली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वर शतावरी. लेकीचं अंगावरचं दूध यथावकाश सुटलं, माझे लाडू काही सुटले नाहीत. तिसरी कधी उसवली ते मला सांगता येणार नाही. तिला काहीच निमित्त नव्हतं, आणि तेच जास्त लागतं. चौथीच्या वेळी मी थायरॉईडची तपासणी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आला. इतकी घोर निराशा दहावीच्या निकालानेही केली नव्हती.

गेल्या नवरात्रात मोरपिशी रंगाच्या दिवशी प्रकरण हाताबाहेर गेलं. आमच्या लेडीज डब्यात नवरात्राचे नऊ रंग म्हणजे रेल्वेच्या नियमांपेक्षा कडक. साडी होती, ब्लाऊजही होता, पण दोघांच्या मधे मी मावत नव्हते. तो घेऊन मामांच्या दुकानात गेले. आता तिथे त्यांचा मुलगा बसतो. त्याने ब्लाऊज उलटा केला, बोटाने कड चाचपली आणि म्हणाला, "काकू, माया संपली."

मी बँकेत आहे, त्यामुळे हिशोब लागल्याशिवाय मला झोप येत नाही. वजन निघालं ७० किलो. म्हणजे पंचवीस वर्षांत १८ किलोंची भर. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, असा ढोबळ हिशोब सांगतात. १८ किलोंचे झाले १,३८,६००. त्याला पंचवीस वर्षांच्या दिवसांनी भागलं तर रोजच्या आल्या पंधरा. पंधरा कॅलरी म्हणजे किती, तर पाऊण चमचा साखर! शरीराचं गणित इतकं सरळ नसतं हे मलाही कळतं, पण त्या रात्री कागदावर तो आकडा बघून मी थक्क झाले. मेजवान्या, लग्नकार्यं, दिवाळ्या यांना मी उगाच बोल लावत होते. हे तर पाऊण चमच्याचं रिकरिंग डिपॉझिट होतं, आणि एकही हप्ता चुकलेला नव्हता. मुदतीआधी मोडायला कुठला फॉर्म भरायचा, तेवढंच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं. हे सूत्र अडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी १८३२च्या सुमारास मांडलं. मूळचे खगोल आणि गणितवाले. त्यांना कुणालाही जाड ठरवायचं नव्हतं, सरासरी माणूस कसा असतो एवढंच बघायचं होतं. पुढे १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला बॉडी मास इंडेक्स असं बारसं करून दिलं आणि जगभरच्या बायकांच्या मागे ते लागलं. त्यातही मेख अशी, की जगाला २५पर्यंत मुभा आहे आणि आपल्या लोकांना २३पर्यंतच, कारण आपली चरबी पोटावर साठते आणि मधुमेह आपल्याला लवकर गाठतो. माझी उंची पाच फूट एक इंच. माझा आकडा २९ आला. २३वर यायचं तर ५५ किलो व्हायला हवं. "टेन्शन घेऊ नका, आधी पाच किलो कमी करू," बाई म्हणाल्या. त्या स्वतः इतक्या बारीक होत्या की त्यांच्याकडून धीर घेणं मला जड गेलं.

वजन उतरवायचा निर्णय मी डब्यात जाहीर केला. वजन वाढल्याची बातमीही मला डब्यानेच दिली होती. तीन जणींच्या बाकावर चौथी सीट हा आमचा हक्क आहे. पूर्वी मी "सरका जरा" म्हटलं की तिघी सरकायच्या. हल्ली तिघी आधी माझ्याकडे बघतात, मग बाकाकडे, आणि खिडकीतली पटकन उठते. "बसा ताई, मला नाहीतरी ठाण्याला उतरायचंय." गाडीने तेव्हा आमच्या डोंबिवलीनंतरचं कोपरही ओलांडलेलं नसतं.

वजन कसं उतरवायचं यावर डब्यात दोन पक्ष निघाले. एक दीक्षितवाल्यांचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत उरकायचं आणि मधे काही तोंडात टाकायचं नाही, कारण खाल्लं की इन्सुलिन स्रवतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ही पद्धत घरोघर पोचवली, पण मुळात ती श्रीकांत जिचकारांची, ज्यांच्या पदव्या मोजताना माणूस दमतो. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरवाल्यांचा. थोडं थोडं पण वेळेवर खा, घरचं खा, ऋतूतलं खा, वरणभातावर साजूक तूप बिनधास्त घ्या. ही चर्चा त्या दिवशी कळव्यापासून घाटकोपरपर्यंत चालली, आणि ती कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बटाटेवड्यांवर चालली होती. दिवेकरवाल्यांनी वडा 'थोडं थोडं'मध्ये बसवला. दीक्षितवाल्यांनी तो पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला. "माझ्या पंचावन्नात खाईन." वडा नको, असं मात्र दोन्हीकडून कुणीही म्हणालं नाही.

सासूबाईंना हे दोन्ही पक्ष मान्य नव्हते. "डाएट कसलं करतेस? गुरुवार धर. वजनही उतरेल आणि पुण्यही लागेल." मी गुरुवार धरला. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, तिच्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा, वर हिरवी मिरची. संध्याकाळी रताळ्याचा कीस. या सगळ्या मंडळींचं मूळ गाव अमेरिका खंडात आहे. साबुदाणा ज्या कसाव्यापासून करतात तो कंदही तिकडचाच, आता सेलमच्या कारखान्यांतून पांढराशुभ्र होऊन येतो. कोलंबसाआधीचे वारकरी एकादशीला काय खात असतील या विचाराने मला एका गुरुवारी दुसऱ्यांदा खिचडी घ्यावी लागली. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि त्या जवळजवळ सगळ्या पिष्टाच्या. तीन महिन्यांत पुण्याचं माहीत नाही, वजन एक किलो वाढलं.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही. भागशाळा मैदानावर पहाटे जाते. तासभर चाललं की दोनशे-सव्वादोनशे कॅलरी जळतात आणि वडापाव तीनशेच्या घरात जातो. मैदानाबाहेर काय काय मिळतं ते डोंबिवलीकरांना सांगायला नको.

आणि मग आग्रह. तो आपल्याकडे नियमाने चालतो. नणंदेकडे होळीला गेलो. "वन्सं, मी गोड बंद केलंय." "आजच्या दिवस गं. अर्धीच वाढते." अर्धी पोळी आली, वर तुपाची धार. ती संपते न संपते तोच "उरलेली अर्धी कुणाला देऊ मी आता?" म्हणून तिची जोडीदारीण आली. मी तुपाकडे नुसतं पाहिलं तर नणंद दुखावली. "अगं, घरी कढवलंय!" घरी कढवलेल्या तुपात, घरी केलेल्या चकलीत आणि आईच्या हातच्या कशातही कॅलरी नसतात, ही आमच्या घराण्याची श्रद्धा आहे. तिला केटलेसुद्धा काही करू शकत नाहीत.

पाऊण चमच्याचा छडा मात्र लागला, तोही ओट्यापाशी. एका रात्री मागचं आवरताना माझं माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. कुकरच्या भांड्याच्या कडेला चिकटलेला भात खरवडून तोंडात, लेकीने कडा सोडून खाल्लेल्या पोळीची कड तोंडात, कढईतली दोन चमचे भाजी 'आता एवढ्यासाठी कुठे वाटी काढा' म्हणून तोंडात. हे सगळं उभ्याने, जेवण झाल्यावर. उभ्याने खाल्लेलं मी कधी जेवणात धरलंच नव्हतं. टाकवत नाही, फ्रीजमध्ये ठेवलं तर कुणी खात नाही, आणि कामवाल्या मावशींना शिळं द्यायला जीव धजत नाही. पंचवीस वर्षं घरातलं उरलंसुरलं ठेवायची सगळ्यात मोठी जागा मीच होते.

दुसऱ्या दिवसापासून अर्धी वाटी तांदूळ कमी लावला, दोन पोळ्या कमी केल्या आणि ओट्यापाशी तोंड मिटून उभी राहायला लागले. घरात हलकल्लोळ झाला. आजवर मी अठरा किलो वाढवले तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आता लेक कुकरमध्ये डोकावून म्हणाली, "आई, भात संपला?" नवऱ्याने पोळीच्या डब्याचं झाकण दोनदा उघडून पाहिलं. सासूबाईंनी तर शेजारच्या काकूंना हळू आवाजात सांगितलं, "हल्ली हात आखडता घेते."

पण काटा हलला. पावसाळा संपेतो पाच किलो उतरले. कुणीतरी कौतुक करेल म्हणून मी मान उंच करून डब्यात शिरले. "चेहरा किती ओढलाय गं तुझा! शुगर तपासलीस?" दुसरी म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?" वजन होतं तेव्हा मला कुणी सुखदुःख विचारलं नव्हतं.

घरात सासूबाईंनी अन्न वाया जाऊ नये म्हणून नवा बंदोबस्त केला. उरलेली पोळी, भाजीचे दोन चमचे, खिरीचा तळ असं सगळं रात्री नवऱ्याच्या ताटात जायला लागलं. "घे रे, एवढंसंच आहे." तो शांतपणे खातो, त्याला कधी नाही म्हणता आलेलं नाही. घरातलं एकूण वजन तेवढंच आहे, फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झालंय. परवा ऑफिसला निघताना तो आरशासमोर श्वास रोखून उभा होता. म्हणाला, "ही पँट धुवून आटली वाटतं."

मी म्हटलं, "हो, सुती आहे ना."