जिल्हा हवा? लखनौला अर्ज करा!

मालेगाव, उदगीर, अंबाजोगाई, किनवट, अचलपूर इथल्या जिल्हा निर्मिती कृती समित्यांना आमची एक फुकट सूचना आहे. मुंबईला शिष्टमंडळं नेणं आता थांबवा. निवेदन द्यायचं, हसऱ्या मंत्र्याबरोबर फोटो काढायचा आणि परतीच्या एसटीत डुलक्या घ्यायच्या, यातून आजवर कुणाच्या पदरात काय पडलं? १९६० साली राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत. शेवटचा पालघर, २०१४ सालचा. त्यानंतर मिळाली ती आश्वासनं. तेव्हा सरळ पुष्पक एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन करा आणि लखनौ गाठा. मराठी माणसाला जिल्हा द्यावा तो लखनौनं.

पुरावा देतो. १९९७ साली मायावतींच्या सरकारनं मुरादाबादचा एक तुकडा काढून नवा जिल्हा केला आणि नाव दिलं जोतिबा फुले नगर. २०१० साली सुलतानपूर-रायबरेलीकडचा मुलूख जोडून झाला छत्रपती शाहूजी महाराज नगर. त्याच वर्षी कानपूर देहातचं नाव पडलं रमाबाई नगर. आता बघा, फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तालुका खटाव. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे, आणि रमाबाई आंबेडकर वणंदच्या, तालुका दापोली. खटाव, कागल, दापोली तिन्ही आजतागायत तालुकेच! माणसं मात्र उत्तरेत जाऊन जिल्हा झाली. एवढी बढती आपल्याकडे महसूल खात्यात कुणाला मिळालेली ऐकिवात नाही.

बढती टिकली नाही, ही गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि अखिलेश यादवांनी एका फटक्यात आठ जिल्ह्यांच्या पाट्या उतरवल्या. फुले नगरचं अमरोहा झालं, रमाबाई नगर पुन्हा कानपूर देहात, आणि शाहूजी महाराज नगर आज अमेठी म्हणून ओळखलं जातं. अमेठीकडचा एखादा बाबा खाटेवरून न उठता सुलतानपूर, शाहूजी महाराज नगर आणि अमेठी असे तीन जिल्हे फिरून आला असेल. त्याच्या गावचा रस्ता तोच, नळ तोच, लेखपालही बहुधा तोच. रबरी शिक्के करणाऱ्याचं तेवढं भलं झालं असणार.

जाण्याआधी मात्र बोली शिकून घ्या. तिकडे ‘तालुका’ हा शब्द जपून काढायचा. अवधात तालुका म्हणजे कचेरी नव्हे, इस्टेट. तालुकदार म्हणजे गढी, हत्ती आणि पदरी लठैत बाळगणारा बडा जमीनदार. १८५७ च्या उठावात यातले पुष्कळ जण उतरले, म्हणून मार्च १८५८ मध्ये लॉर्ड कॅनिंगनं अवधची जवळपास सगळी जमीन जाहीरनामा काढून जप्त केली. पुढच्याच वर्षी लखनौला दरबार भरवून शरण आलेल्यांना सनदा देत तीच जमीन परत वाटली. तालुकदार इतके गहिवरले, की १८६१ साली त्यांनी आपली ब्रिटिश इंडियन असोसिएशन काढली आणि १८६४ साली कॅनिंगच्याच नावानं कॉलेज. त्यातूनच पुढे लखनौ विद्यापीठ उभं राहिलं. ज्यानं सातबारा कोरा केला त्याच्याच नावानं कॉलेज काढायचं, ही नजाकत आपल्या मातीत उगवत नाही. आपण फार तर त्याच्या गाडीला काळे झेंडे दाखवतो. १९५२ साली जमीनदारी निर्मूलनाचा कायदा लागू झाला आणि तालुके गेले. केसरबागेतली तालुकदारांची सफेद बारादरी तेवढी आहे. तिथे लग्नं लागतात, प्रदर्शनं भरतात.

मराठवाड्यातल्या वाचकांनी हसू नये. निजामाच्या राज्यात अव्वल तालुकदार म्हणजे खुद्द कलेक्टर. आणि आपल्याकडे? तालुका आहे, तालुकदार नाही. तालुक्याला तहसीलदार आहे, त्यालाच पूर्वी मामलेदार म्हणत, तो ठाण्यात मिसळीपुरता उरला. नाही म्हणायला कायद्यात त्याची धुगधुगी आहे. भावकीनं शेताची वाट अडवली की १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली आजचा तहसीलदार घटकाभर मामलेदार होतो आणि बांधावर येतो. म्हणजे, आला तर.

‘मंडल’ शब्दाचा तर वेगळाच थाट. आपला मंडळ अधिकारी म्हणजे चार-सहा तलाठ्यांवरचा माणूस, मोटारसायकलवर फाईल बांधून फिरणारा. लखनौत मंडल म्हणजे सहा जिल्हे: लखनौ, उन्नाव, रायबरेली, सीतापूर, हरदोई आणि लखीमपूर खेरी. त्यावर मंडलायुक्त बसतो. तेव्हा कृती समितीच्या लेटरहेडवर ‘मंडळ’ लिहिलं असेल तर खोडू नका. दारावरचा शिपाई उठून उभा राहील. जिल्ह्याला सरकारी पाटीवर ‘जनपद’ म्हणतात. बुद्धाच्या काळी उभ्या देशात महाजनपदं होती सोळा. एका उत्तर प्रदेशात आज जनपदं पंचाहत्तर. विकास याला म्हणतात.

आमच्या सूचनेची चाचणी विट्याकडच्या एका गलाईवाल्यानं आधीच घेऊन ठेवली आहे. सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली ही मंडळी सोनं गाळायला देशभर पांगली. सराफ्याच्या गल्लीत ॲसिडचा वास आला की आत मराठी बोलणारा निघतो. या गड्यानं लखनौजवळ मलिहाबाद तहसिलीत, दशहरी आंब्याच्या बागांच्या कडेला, चार पैशांचा प्लॉट ठरवला. दस्त लिहिणारा मुंशी पत्र्याच्या शेडखाली, टाइपरायटर बाजूला सारून संगणकावर बसलेला.

‘‘स्थायी पता?’’

‘‘तालुका खानापूर.’’

मुंशीनं चष्म्यावरून वर पाहिलं. ‘‘किस खानदान से हैं, हुज़ूर?’’

गड्यानं घाईघाईनं ‘तहसील खानापूर’ अशी दुरुस्ती केली. मुंशीचा चेहरा उतरला, चहा मागवायचा राहिला.

‘‘परगना?’’

इथे गाडी रुतली. तिकडच्या खतौनीत गाव, परगना, तहसील, जनपद असा उतरता-चढता जिना अजून शाबूत आहे. आपला परगणा देशमुखी वतनाबरोबर कधीच मोडीत निघाला. गड्यानं गावी फोन लावला. चुलत्यानं शेतातून ओरडून विचारलं, ‘‘परगणा? कुणाचा? देशमुखांच्या वाड्यावर विचारू का?’’ गड्यानं मुंशीला सांगितलं, आमच्यात परगणा नसतो.

‘‘ऐसा कैसे हो सकता है? परगना तो सबका होता है.’’

जातीच्या रकान्यावरूनही कुणी इतकी हुज्जत घालत नसेल. शेवटी तडजोडीनं परगण्यातही खानापूर लिहिलं गेलं, तहसिलीतही खानापूर. मुंशीनं दस्त पुन्हा वाचला आणि शेवटचा प्रश्न टाकला, ‘‘तहसील की कचहरी खानापुर में ही है न?’’

गडी ओशाळला. कचेरी विट्यात. तालुका खानापूर, पण तहसीलदार, कोर्ट, सगळं विट्याला. हे समजावताना घरच्या पोरांचीही तारांबळ उडते, हा मुंशी काय ऐकून घेणार, म्हणून त्यानं जरा लांबण लावायला घेतली. मुंशीनं हात वर करून त्याला थांबवलं.

‘‘समझ गए. हमारी ससुराल ज़िला अमेठी है, मुख्यालय गौरीगंज.’’ आणि तिथल्या तिथे दोन चहा सांगितले.