सुस्तीची सनद

आळस हा मनुष्यस्वभावातील दोष होय, ही जी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती आळशी माणसांनी पसरविलेली असणे संभवत नाही. कारण समजूत पसरविण्यास खटपट करावी लागते. ती उद्योगी माणसांनी पसरविली, आणि ज्यांच्याविरुद्ध पसरविली त्यांनी ती खोडून काढण्याची तसदी न घेतल्यामुळे कायम झाली. हा एकतर्फी निकाल फिरविता आल्यास पाहावे, या हेतूने सदरहू मार्गदर्शिका लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहो. आमचा अधिकार म्हणाल, तर उभी हयात सरकारी दफ्तरात घालविल्यानंतर, ठाण्याच्या वर्तकनगरातील म्हाडाच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, शाळकरी नातू आणि कॉलेजात जाणारी नात यांच्या देखरेखीखाली आम्ही जपानी चित्रमालिकांचा व्यासंग केला आहे. हा व्यासंग आडवे पडून करता येतो, हे या शास्त्राचे पहिले वैशिष्ट्य.

परदेशी गुरू कशासाठी, असा आक्षेप स्वदेशाभिमानी वाचक घेतील. परंतु आपल्या परंपरेत निद्रेला प्रतिष्ठा मिळाली ती केवळ वरदानाच्या वशिल्याने. कुंभकर्णाची झोप ब्रह्मदेवाच्या मंजुरीची. आणि देवांच्या बाजूने लढून दमलेल्या मुचुकुंद राजाला जी झोप बक्षीस मिळाली तिची अट अशी, की त्याला उठविणारा जागच्या जागी भस्म व्हावा. कालयवन त्याप्रमाणे भस्म झालाही. परंतु हीच सवलत आमच्या इमारतीत लागू केल्यास दुपारच्या प्रहरी दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत निम्मी वस्ती जिन्यातच खलास होईल. समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे खरा, पण तो वाचून झोप येण्याऐवजी लाजच वाटू लागते. सामान्य प्रपंची माणसाने वरदानाशिवाय, परवान्याशिवाय आणि लाजेशिवाय कसे लोळावे, याचे पद्धतशीर शिक्षण जपान्यांनीच दिले. जे राष्ट्र मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवून आगगाड्या चालविते, त्याच राष्ट्राला लोळणाऱ्या नायकांची इतकी आवड असावी, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. भुकेल्यालाच पक्वान्नांची स्वप्ने पडतात.

प्रथम नोबिता. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराने १९६९ साली हा मुलगा कागदावर आणला, आणि २००५ च्या सुमारास हंगामा वाहिनीने तो हिंदी बोलत आपल्या दिवाणखान्यात आणून सोडला. या मुलाचे शून्य मार्क आणि त्याच्या आईचा आरडाओरडा या बाबी जगजाहीर असल्याने त्यांवर आम्ही शाई खर्च करीत नाही. अभ्यासकाने ध्यानात घ्यावा तो एकच आकडा. उशीवर डोके टेकल्यापासून ०.९३ सेकंदात नोबिताला झोप लागते. आमच्या नातवाने मोबाइलवरील घड्याळ लावून आमची परीक्षा घेतली, तेव्हा चौदा मिनिटांनंतर त्याने कंटाळून नाद सोडला. मात्र ठाणेकराने यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, त्या दिवसापासून हे गाव गाडी पकडण्यासाठी धावत आहे, आणि त्या धावण्यातूनच वरची कडी हातात धरून, दोहों बाजूंनी चेपलेल्या अवस्थेत, ठाणे ते मुलुंड या एका स्थानकाच्या अंतरात गाढ निजण्याची आणि दादरला अचूक जागे होण्याची जी विद्या येथे निपजली, तिच्यापुढे उशीची चैन असलेला नोबिता हा उमेदवारच ठरेल. परंतु ती झोप निरुपायाची आहे. आळसाच्या दफ्तरी फक्त स्वखुशीच्या झोपेची नोंद होते.

दुसरा पाठ शिकामारूचा. 'नारुतो' या कथेतील हा निंजा दोनशेंहून अधिक बुद्ध्यंक बाळगून असतो, आणि त्या बुद्धीचा विनियोग मुख्यत्वे उताणे पडून ढग पाहण्याकडे करतो. त्याच्या चरित्रातील बढतीच्या परीक्षेचा प्रसंग प्रत्येक कारकुनाने भिंतीवर टांगून ठेवण्यासारखा आहे. प्रतिस्पर्धी मुलीला त्याने पुरते कोंडीत पकडले, विजय हाताशी आला, आणि पुढे लढण्याइतके त्राण उरले नाही असे सांगून त्याने हात वर करून सामना सोडून दिला. तरीही त्या वेळच्या उमेदवारांत बढती मिळाली ती या एकट्यालाच, कारण परीक्षकांना त्याची समज पसंत पडली. आम्ही नोकरीत असताना अनेक प्रकरणे अगदी अशीच, निकालाच्या उंबरठ्यावर आणून तहकूब ठेवली. आमच्या वरिष्ठांनी नारुतो पाहिलेला नव्हता. असो. या पाठाच्या सरावास वर्तकनगरासारखे स्थळ नाही. आषाढात येऊरच्या डोंगरावर ढग उतरू लागले, की गॅलरीत आरामखुर्ची टाकावी आणि उपवनाच्या दिशेने दृष्टी मोकळी सोडावी. पोखरण रस्त्यावर १९२५ साली उभ्या राहिलेल्या ज्या गिरणीने, पुढे रेमंड म्हणून नाव कमावून, या भागाला पाळीच्या घड्याळावर चालविले, तिच्या जागेवर आज मनोरे उठत आहेत, आणि आमच्या पूर्वीच्या आभाळापैकी सुमारे एकतृतीयांश भाग त्यांनी व्यापला आहे. तेव्हा अभ्यासकाने उरलेल्या ढगांवर भागवावे.

तिसरा गुरू ओरेकी हा प्रकृतीने गंभीर. होनोबू योनेझावा यांच्या कादंबरीवरून २०१२ साली निघालेल्या 'ह्योका' मालिकेतील हा विद्यार्थी आपल्या आळसाला आळस म्हणत नाही. शक्तीची काटकसर म्हणतो. न केल्याने भागते ते करू नये, आणि जे टळत नाही ते उरकून मोकळे व्हावे, असा त्याचा वहिवाटीचा नियम आहे. नाव बदलताच दुर्गुणाचे धोरण होते, ही गोष्ट ज्याने शासकीय परिपत्रके वाचली आहेत त्यास निराळी सांगावयास नको. परंतु या व्रतस्थाचे व्रत मोडले कोणी? त्याच्या थोरल्या बहिणीने. तिने भटकंतीत काशीहून त्याला पत्र धाडले आणि शाळेतले मरू घातलेले अभिजात साहित्य मंडळ वाचविण्यासाठी त्याने सभासद व्हावे, असा हुकूम सोडला. ज्या नगरीत मोक्ष मिळावा म्हणून लोक देह ठेवण्यास जातात, तेथून निघालेल्या कागदाने एका जपानी मुलाचा मोक्ष हिरावून घेतला! तात्पर्य, नातेवाइकांचे पत्र फोडू नये. हल्ली पत्रे येत नाहीत, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात निरोप येतात. तेथे दोन निळ्या खुणा उमटू न देण्याची तजवीज नातवंडांकडून अगोदर करून घ्यावी.

गुदेतामा हे सॅनरिओ कंपनीचे २०१३ साली जन्मलेले अंडे आम्ही प्रगत अभ्यासक्रमात ठेवले आहे, कारण अंड्याच्या बलकाला उठण्याचे अंगच नसते, आणि जेथे सामर्थ्य नाही तेथे त्यागाचे पुण्यही नाही. विचार करण्याजोगा खरा तो तनाका. २०१६ सालच्या मालिकेतील हा निस्तेज मुलगा चालता चालता निजतो, आणि त्याचा ओहता नावाचा धिप्पाड मित्र त्याला पोत्यासारखा उचलून वर्गात पोहोचवितो. नातीने हा भाग आम्हांला दाखविला, तेव्हाच या शास्त्राचे मुख्य कलम आमच्या ध्यानी आले: आळशी माणसास उशी, ढग वा धोरण यांपैकी काहीही एकवेळ नसले तरी चालेल, परंतु एक न आळसणारा इसम कायमस्वरूपी जवळ असावा लागतो. नोबिताने तर हा बंदोबस्त काळाच्या पलीकडून करविला. त्याने मोठेपणी धंदा बुडवून कर्जाचा जो डोंगर केला तो वंशजांच्या माथी आला, तेव्हा त्याच्या खापरपणतूने बाविसाव्या शतकातून एक निळे यांत्रिक मांजर खापरपणजोबांच्या दिमतीस रवाना केले. कर्ज आपण करावे आणि नोकर पुढच्या पिढीने पाठवावा, इतकी सोयीची वारसापद्धती आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

हे कलम आम्ही रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवीत असता आमचे कुटुंब भांडी विसळीत होते. तिने नोबिताची मालिका बसून कधी पाहिलेली नाही. ओट्यापाशी उभी राहून वर्षानुवर्षे ऐकली आहे.

"अहो, त्या मालिकेचं नाव काय?" तिने विचारले.

"डोरेमॉन."

"नोबिता नाही ना?"

आम्ही खुलासा करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात नातवाने विनाकारण माहिती पुरविली, की जपानच्या परराष्ट्र खात्याने २००८ साली चित्रमालिकांचा राजदूत नेमला तो त्या मांजराला, म्हणजे डोरेमॉनलाच. आणि डोरेमॉनचा जन्म ३ सप्टेंबर २११२ चा असताना कावासाकी शहराने २०१२ सालीच, म्हणजे जन्माच्या १०० वर्षे अगोदर, त्याला रहिवासी दाखला देऊन टाकला. ज्याला रहिवासी दाखल्यासाठी शिधापत्रिकेच्या प्रती घेऊन रांगेत उभे राहण्याचा अनुभव आहे, त्यालाच या सन्मानाची थोरवी कळेल. नोबिताला कोणी काही दिल्याचे नातवाच्या ऐकिवात नव्हते.

"मग झालं तर," असे म्हणून तिने ओटा पुसला, पदराला हात पुसले आणि दिवा मालविला.

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेपाचला येते आणि पाऊण तासात जाते. पिंप भरण्याचे काम आमच्या संसारात कोणाकडे आहे याची कोठे नोंद नाही. ते होत आले आहे, एवढेच आम्हांला ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाने खाकरून घसा साफ केला, रिकाम्या पिंपात धार वाजू लागली, आणि शेजारच्या खाटेवरून काहीच हालचाल झाली नाही. तिचे डोळे मिटलेले होते. श्वास इतका संथ होता की झोप खरी असावी अशी शंका येत नव्हती. आम्ही ओरेकीचा नियम आठवला. न केल्याने भागेल काय, याचा विचार केला. मग धारेचा आवाज बदलला, नळी पिंपातून सुटून मोरीत पडल्याचे कळले, आणि आम्ही उठलो.

मार्गदर्शिकेची उर्वरित कलमे यथावकाश लिहिण्याचा मानस आहे. सध्या पहिले पिंप भरले आहे, दुसरे निम्म्यावर आले आहे, आणि हा शेवटचा मजकूर नळी एका हातात धरून मोरीजवळच्या पाटावर लिहिलेला असल्याने काही ठिकाणी शाई फुटली आहे.