खोलकर

पंखा हळू फिरतोय, हे वाक्य खोलकरांच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. एखादा पाहुणा नकळत बोलून जातो. मग वहिनी डोळे मिटून घेतात, स्वयंपाकघरातलं स्टूल पलंगावर चढतं, मेन स्विच खाली येतो आणि पाहुणा घाम पुसत उरलेले पोहे संपवतो. वरून आवाज येतो, "दोन मिनिटांचं काम आहे."

पंख्याच्या बाबतीत खोलकर सहसा बरोबर असतात, हे मान्य करायला हवं. छताच्या पंख्यात दोन वाइंडिंग असतात. त्यांतल्या एकातला प्रवाह जरासा पुढे सरकवायला एक कॅपॅसिटर लावलेला असतो, बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा. दुकानात त्याला 'अडीच एमएफडी' म्हणतात. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो अशक्त झाला की पंखा मंदावतो. पार मेला की पंखा नुसता घुमत उभा राहतो, आणि काठीने ढकलला तर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरायला लागतो. (राजकारणातली उदाहरणं इथे देत नाही.) हा कॅपॅसिटर शंभर रुपयांच्या आत मिळतो. नवा पंखा आणायला निघालेल्या शेजाऱ्यांना खोलकरांनी जिन्यातून परत फिरवलेलं आहे. तक्रार एवढीच, की स्वतःच्या घरी ते कॅपॅसिटरवर थांबत नाहीत. वर चढलोच आहे तर बेअरिंगही बघून घेतो म्हणतात, आणि त्या रात्री घर गच्चीवर झोपतं.

गोव्यात खोला नावाचं गाव आहे, तिथली मिरची प्रसिद्ध आहे. त्या गावच्या खऱ्या खोलकरांची आधीच क्षमा मागतो. आपले खोलकर गावावरून नव्हे, कर्मावरून खोलकर. त्यांचं कागदोपत्री आडनाव काहीही असू शकतं. ते बँकेतून निवृत्त झालेले असतात, नाहीतर टेलिफोन खात्यातून, नाहीतर शाळेतून. प्रत्येक सोसायटीत एक असतोच. मोठ्या सोसायटीत दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यांना ओळखायचं ते डब्यांवरून. श्रीखंडाच्या डब्यात स्क्रू, च्यवनप्राशच्या बरणीत नॉब, कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांत डायोड, आणि कुणीतरी कधीतरी परदेशातून आणलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात 'किरकोळ'. किरकोळमध्ये काय आहे हे खोलकरांनाही ठाऊक नाही, पण त्यातलं काही टाकलं की दुसऱ्याच दिवशी नेमकं तेच लागतं, असा त्यांचा दावा आहे. श्रीखंडाचा डबा दर महिन्याला जड होतो, कारण दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूतून एखादा स्क्रू उरतो. "कंपनीवाले एक-दोन जास्तीचे लावतात," असं ते सांगतात. जुन्या पिवळ्या बल्बचा साठा मात्र वेगळा, कपाटात, कुलपात. शंभर वॉटचा तसला बल्ब सिरीजमध्ये लावायचा आणि मगच संशयित वस्तूला वीज द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, पण फ्यूज उडत नाही. हे तंत्र कळण्याआधी खोलकरांनी भारत-पाकिस्तान सामन्याच्या शेवटच्या षटकात अख्ख्या मजल्यावर अंधार केला होता. एलईडीचा बल्ब या कामाला चालत नाही, म्हणून जुन्या बल्बना कुलूप.

या वेडाचं मूळ बहुतेकांच्या बाबतीत एकच निघतं: वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. त्या काळी रेडिओ म्हणजे कित्येक पगारांची पुंजी. वर तो ऐकण्यासाठी सरकारी परवाना काढायचा आणि दरसाल पोस्टात पैसे भरायचे. एवढी मौल्यवान वस्तू बिघडली की मेकॅनिक घरी यायचा आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढायचा. पोरांना दहा हातांवर उभं केलं जायचं. त्या दहा हातांवरून छोट्या खोलकरांना आतला नारिंगी उजेड दिसला, आणि मग शाळेत काही लक्ष लागलं नाही. शाळेतलं एकच ज्ञान पुढे कामाला आलं: तानापिहिनिपाजा. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या म्हणजे आकडे. काळा शून्य, तपकिरी एक, आणि दोनपासून इंद्रधनुष्य सुरू: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. पारवा तेवढा गाळलेला आहे, म्हणून जांभळा सात. मग करडा आठ, पांढरा नऊ. पिवळा-जांभळा-तांबडा म्हणजे ४७वर दोन शून्यं, ४,७०० ओहम. खोलकरांचा हा हिशोब इतका अंगात भिनलेला आहे, की वहिनींनी पिवळ्या साडीवर जांभळा ब्लाउज घातला तेव्हा ते म्हणाले, "सत्तेचाळीस." वहिनींना तो आपल्या वयाचा अंदाज वाटला. त्यांनी तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती.

पुण्यातले खोलकर पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत सापडतात. मुंबईचे लॅमिंग्टन रोडला. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण सुटे भाग घेणारा माणूस अजून १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नराचंच नाव घेतो. गिरगावातल्या लग्नाला गेलेले खोलकर अक्षता पडल्या की दिसेनासे होतात आणि पंगतीच्या शेवटी खिशातून खुळखुळ आवाज करत परततात. दुकानातलं संभाषण परक्याला समजत नाही. "बीसी पाचशे सत्तेचाळीस आहे?" "किती?" "दोन." दुकानदाराच्या तोंडावर जे भाव उमटतात ते सराफाकडे जाऊन गुंजभर सोनं मागणाऱ्याने पाहिलेले असतील. पण तो देतो. खोलकर मग 'चार हजार सात'चे डायोड पन्नास घेतात, लागणार एक असतो. दुकानदाराची मर्जी राखायला हवी ना.

टीव्हीला थापड मारणं हा आपल्याकडचा घरगुती उपाय. खोलकर त्याला अडाणीपणा म्हणत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. जुना टीव्ही तासन्‌तास तापायचा, मग गार व्हायचा. या आकुंचन-प्रसरणाने आतल्या सुट्या भागांच्या पायांभोवतीच्या टाक्याला केसासारखी गोल चीर पडायची. त्याला म्हणतात ड्राय सोल्डर. थापडेने चीर क्षणभर जुळायची आणि बातम्या पुन्हा दिसायच्या. म्हणजे शेजारचे आजोबा रोगनिदान बरोबर करत होते, उपचार तेवढा तात्पुरता. खोलकर मात्र झाकण काढून, भिंग लावून ती चीर शोधतात, पंचवीस वॉटची सोल्डरिंग आयर्न टेकवतात, कथील आणि शिसं १८३ अंशांच्या पुढे वितळतं, रोजिनच्या राळेचा धूर निघतो आणि वहिनी देवघरातली उदबत्ती जरा लवकर लावतात.

एकदा याच झाकणाखाली त्यांना रंगीत पिक्चर ट्यूबचा प्रसाद मिळाला. तिथला दाब वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही ट्यूब तो काही काळ धरून ठेवते. खोलकर थेट सोफ्यावर जाऊन बसले. सोफा जागच्या जागी होता, हे नशीब. तेव्हापासून जास्त दाबाच्या वस्तूजवळ ते डावा हात खिशात घालून काम करतात. विजेने एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाऊ नये, म्हणून जुन्या तंत्रज्ञांनी घालून दिलेली ही शिस्त आहे. सोसायटीतल्या लोकांना तो रुबाब वाटतो.

त्यांचा खरा मोसम गणपती. मखराभोवती पळणारे दिवे लागतात, त्यांचा ठेका देणारी चिप असते ५५५. हान्स कॅमेंझिंड या अभियंत्याने ती १९७१मध्ये आखली, १९७२मध्ये ती बाजारात आली आणि तिची पिलावळ अजून विकली जाते. खोलकर दरवर्षी नव्याने जोडणी करतात, कारण गेल्या वर्षीची त्यांनी मध्यंतरी खोलून पाहिलेली असते. बाप्पा येतात तेव्हा दिवे एका बाजूला पळतात, जाताना दुसऱ्या. मधले दिवस काय होतं ते त्या-त्या दिवशीच्या सोल्डरवर.

हल्लीच्या वस्तूंनी मात्र त्यांचे हाल चालवले आहेत. मोबाइल स्क्रूऐवजी गोंदाने मिटलेला. आतले सुटे भाग मिलिमीटरभर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे खसखस. दिवाळीच्या आधी असा एक कॅपॅसिटर चिमट्यातून निसटला. खोलकर जमिनीला गाल लावून, बॅटरीचा झोत आडवा टाकून शोधत होते आणि पलीकडे वहिनी अनारसे थापत होत्या. कॅपॅसिटर सापडला नाही. त्या वर्षी अनारसे खाताना खोलकर फार सावकाश चावत होते.

'राइट टू रिपेअर'ची बातमी आली त्या दिवशी घरात सण होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये समिती नेमली, त्याच डिसेंबरात कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून पोर्टलही काढलं. खोलकरांनी कात्रण कापून किरकोळच्या डब्यात ठेवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हा हक्क तुम्ही पन्नास वर्षं बजावताय." नातीला मात्र आजोबांची कदर आहे. रिमोटचं बटण दाबून समोरचा छोटा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचा, जांभळट चमकला तर रिमोट जिवंत, हे तिला आजोबांनी शिकवलं. तिने शाळेतल्या स्मार्ट बोर्डाचा रिमोट असाच तपासला आणि सेल उलटे बसवलेत, हे बाईंना वर्गादेखत सांगितलं. बाईंनी वहीत शेरा पाठवला. खोलकरांनी त्याखाली अभिमानाने सही केली.

परवा सकाळी दारावर थाप पडली. (बेल दसऱ्यापासून उघडी आहे.) खालच्या मजल्यावरच्या सूनबाई मिक्सर घेऊन उभ्या होत्या. "काका, चटणी वाटता वाटता एकदम बंद पडला. वास आला जरा." मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं. मोटरवर फार ताण आला की ते सुटतं आणि वीज तोडतं. मोटर गार झाल्यावर दाबलं की मिक्सर पुन्हा चालू. खोलकरांनी मिक्सर उलटा केला. बटण बाहेर आलेलं त्यांना दिसलं. वहिनींनाही स्वयंपाकघराच्या दारातून दिसलं. आजवर इतके पाहिलेत.

"पाहुणे येणार आहेत हो," सूनबाई म्हणाल्या. "लगेच होईल का?"

खोलकरांनी बटणावर अंगठा टेकवला, दाबला नाही. मिक्सर कानाशी नेऊन हलकेच हलवला. आत काहीतरी खुळखुळल्यासारखं त्यांना वाटलं.

"चटणीचं भांडं घेऊन जा," ते म्हणाले, "आणि हा राहू दे. संध्याकाळपर्यंत बघतो."

वहिनी आत गेल्या आणि त्यांनी पाटा धुवायला काढला.